पाइपांचे रंग कुठे गेले?

साखर कारखाना आतून कधी पाहिला आहे का? आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना त्यासाठी लांब जावे लागत नाही. अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) लोणीजवळ प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे जिल्ह्यात अशा कारखान्यांची रांगच उभी राहिली. गळिताच्या हंगामात सहलीला गेलात, तर उसाच्या गाड्या आणि साखरेची पोती पाहून परत येऊ नका. मान वर करून डोक्यावरून जाणारे पाइपांचे जाळेही पाहा. एका पाइपातून पाणी जाते, दुसऱ्यातून वाफ, तिसऱ्यातून दाबाची हवा, तर चौथ्यातून उसाचा रस. बाहेरून पाहिले तर सगळे पोलादी पाइप सारखेच!

म्हणूनच पाइपांना ठरावीक रंग देतात. त्यासाठी २३७९ क्रमांकाचे भारतीय मानक आहे. त्यात पाण्यासाठी समुद्री हिरवा, वाफेसाठी रुपेरी करडा, हवेसाठी आकाशी निळा असे मूळ रंग नेमून दिलेले आहेत. हे रंग शोभेचे नव्हेत. ‘जपून रे बाबा, आत वाफ आहे’ असे तो रंग कामगाराला न बोलता सांगत असतो.

आता तुम्हांला एका फोनची गोष्ट सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी नगरजवळच्या नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात काम करतो. पाइप, व्हॉल्व्ह आणि पंप एका सांगाड्यावर जोडून द्यायचे, हे त्याचे काम. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज उतरलेला होता.

“सर, आज थोडक्यात वाचलो. पुण्याहून मॉडेलची फाइल आली होती. तिथे त्यांनी पाण्याचे पाइप हिरवे, वाफेचे करडे आणि हवेचे निळे दाखवले होते. आमच्या संगणकावर फाइल उघडली, तर सगळेच करडे! दोन पाइप एकाच मापाचे होते. पाण्याचा व्हॉल्व्ह वाफेच्या पाइपावर बसवला गेला. माल गाडीत चढण्याआधी मिस्त्रींच्या लक्षात आले म्हणून बरे.”

पाण्याच्या त्या व्हॉल्व्हच्या आत रबराचे अस्तर होते. वाफेच्या उष्णतेपुढे असले रबर टिकत नाही. तो व्हॉल्व्ह तसाच कारखान्यात जाऊन वाफ सुरू झाली असती, तर काय झाले असते याची कल्पना तुम्ही करू शकता. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. रंग हरवल्यावर संगणकाने सगळ्या पाइपांना स्वतःचा ठरलेला करडा रंग दिला, आणि करडा हा तर वाफेचा रंग! म्हणजे चित्र मुके झाले एवढेच नव्हे, ते चुकीचे बोलू लागले.

“पण सर,” तो म्हणाला, “फाइल तीच, आकार तोच. मापात एका सुताचाही फरक नाही. मग रंग तेवढे कुठे गेले?”

प्रश्न मोठा चांगला होता. चला, आपणही त्याचा शोध घेऊ.

आकार कोरलेला, रंग चिकटवलेला

संगणकाच्या साहाय्याने यंत्रांचे आराखडे काढण्याच्या पद्धतीला थोडक्यात ‘कॅड’ म्हणतात. कॅडमधले मॉडेल म्हणजे छायाचित्र नव्हे. ते भूमितीतले वर्णन असते. पाइपाचेच उदाहरण घ्या. त्याचा अक्ष कोठून कोठे जातो, बाहेरची त्रिज्या किती, आतली त्रिज्या किती, लांबी किती, एवढे आकडे दिले की पाइप पूर्ण झाला. यातली त्रिज्या गाळून पाहा. पाइप काढताच येणार नाही! म्हणून फाइल वाचणारा प्रोग्रॅम आकाराचा प्रत्येक आकडा डोळ्यांत तेल घालून वाचतो. एखादा कमी पडला तर तक्रार करतो.

रंगाचे मात्र तसे नाही. संगणकाच्या पडद्यावरचा प्रत्येक रंग तांबडा, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून तयार होतो. म्हणजे एका रंगासाठी तीन आकडे पुरतात. पण हे तीन आकडे फाइलीत नसले, तरी पाइप पाइपच राहतो. वाचणाऱ्या प्रोग्रॅमचे काही अडत नाही. तो तक्रार न करता पुढे जातो, आणि आपल्याला वाटते की सारे ठीक आहे.

लग्नघरातली भांडी आठवा. शेजारीपाजारी पातेली, घागरी, पराती देतात. ज्यांच्या भांड्यावर नाव कोरलेले असते, ते भांडे बरोबर घरी परत येते. ज्यांनी नुसती कागदाची चिठ्ठी चिकटवलेली असते, त्यांची चिठ्ठी पहिल्या धुण्यातच गळून पडते. पातेले शाबूत असते, पण ते कुणाचे हे कळत नाही. कॅडच्या फाइलीत आकार हा कोरलेल्या नावासारखा असतो आणि रंग चिकटवलेल्या चिठ्ठीसारखा. तेव्हा आपला प्रश्न आता असा झाला, की ही चिठ्ठी वाटेत नेमकी कुठे गळते?

दुभाषी फाइल

कॅडचे प्रोग्रॅम अनेक आहेत आणि प्रत्येकाची साठवण्याची रीत वेगळी. एकाची फाइल दुसऱ्याला सरळ वाचता येईलच असे नाही. कानडी आणि बंगाली माणसाने हिंदीतून बोलावे, तशी मधली एक भाषा लागते. अशी एक भाषा ‘आयजेस’ या नावाने अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९८० साली प्रसिद्ध केली. पुढे १९९४ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १०३०३ क्रमांकाचे मानक काढले. त्याला ‘स्टेप’ म्हणतात. आज कारखान्याकारखान्यांत मॉडेलांची जी देवाणघेवाण चालते, तिच्यात स्टेप फाइलींचा वाटा फार मोठा आहे.

स्टेप फाइलीची गंमत अशी, की ती साध्या मजकुराची असते. वही उघडावी तशी ती उघडून वाचता येते. प्रत्येक ओळीला क्रमांक असतो, आणि एक ओळ दुसरीकडे क्रमांकानेच बोट दाखवते. रंगाची ओळ देवनागरीत लिहिली तर साधारण अशी दिसेल :

#४१२ = कलर_आरजीबी ( '', ०.२, ०.६, ०.५ )

तांबडा दोन दशांश, हिरवा सहा दशांश, निळा पाच दशांश. झाला आपला समुद्री हिरवा! पण या ओळीत पाइपाचे नाव कुठेच नाही. मग हा रंग कुणाचा? त्यासाठी ‘या वस्तूला ही सजावट’ असे सांगणारी एक वेगळी ओळ असते. ती सजावटीकडे बोट दाखवते, सजावट पृष्ठभागाच्या शैलीकडे, शैली भरणीकडे, आणि असे करत करत साखळी शेवटी रंगाच्या ओळीशी पोचते. ही साखळी साधारण आठ ओळींची असते. तिची एक कडी तुटली, तरी रंग गेला.

चिठ्ठी कुठे कुठे गळते?

पहिली जागा म्हणजे लिहिणाऱ्याचे टेबल. चिठ्ठी मुळात लिहिलीच गेली नाही, तर ती पोचणार कशी? स्टेप मानकाचे निरनिराळे पोटविभाग आहेत. त्यांतल्या २०३ या विभागाच्या १९९४ सालच्या पहिल्या आवृत्तीत रंगासाठी जागाच नव्हती. २००१ साली मोटार उद्योगासाठी २१४ हा विभाग आला, त्यात रंग आणि थर यांची सोय झाली. २०१४ साली या दोन्ही विभागांना एकत्र करणारा २४२ हा विभाग आला. त्यातही रंग नेता येतात. फाइल लिहिताना यांपैकी कोणता विभाग निवडला, यावर रंगाचे नशीब ठरू शकते.

त्रिमितीय छपाईसाठी वापरली जाणारी ‘एसटीएल’ फाइल तर याहून साधी. ती १९८७ सालची. तिच्यात वस्तूचा पृष्ठभाग लहान लहान त्रिकोणांत तोडलेला असतो. तिच्या आटोपशीर प्रकारात एका त्रिकोणाला ५० बाइट जागा मिळते. तीन कोपरे आणि पृष्ठभागाची दिशा यांत ४८ बाइट खर्च होतात, आणि उरतात २. त्या दोन बाइटांत काहींनी हुशारीने रंग कोंबला. पण एका पद्धतीत आधी निळा लिहितात, तर दुसरीत आधी तांबडा! एका पद्धतीने लिहिलेली फाइल दुसऱ्या पद्धतीने वाचली, की तांबड्याचा निळा आणि निळ्याचा तांबडा होतो.

दुसरी जागा वाचणाऱ्याची. चिठ्ठी आली, पण कुणी वाचलीच नाही. बऱ्याच प्रोग्रॅमांत फाइल आत घेण्याचे दोन मार्ग असतात. एक नुसता आकार घेणारा. तो झटपट चालतो. दुसरा आकाराबरोबर नावे, रंग आणि थरही घेणारा. पहिला मार्ग निवडला, तर रंग फाइलीत असूनही पडद्यावर येत नाहीत. ‘आयात’ करण्याच्या पर्यायांत रंगासंबंधीची खूण केलेली आहे की नाही, हे म्हणूनच आधी पाहावे लागते.

तिसरी अडचण सांकेतिक क्रमांकांची. रंगासाठी तीन आकडे लिहिण्याऐवजी कधी कधी नुसता क्रमांक लिहितात. आयजेस पद्धतीत १ म्हणजे काळा, २ म्हणजे तांबडा, ३ म्हणजे हिरवा, ४ म्हणजे निळा, ५ म्हणजे पिवळा. ऑटोकॅड या प्रसिद्ध प्रोग्रॅमच्या यादीत मात्र १ म्हणजे तांबडा, २ म्हणजे पिवळा, ३ म्हणजे हिरवा, ४ म्हणजे आकाशी आणि ५ म्हणजे निळा! ३ हा आकडा तेवढा दोन्हींकडे हिरवाच. भाषांतर करणाऱ्याने यादी बदलायला हवी. तो विसरला, तर हिरवे बरोबर उतरते, आणि तेवढ्यावरून आपण समजतो की बाकीचेही बरोबर असेल. अर्धी बरोबर असलेली चूक ही पूर्ण चुकीपेक्षा पकडायला कठीण असते, हे प्रयोगशाळेत तुम्हीही अनुभवले असेल.

चौथी अडचण, चिठ्ठी कशाला चिकटवली याची. एखाद्या जोडणीत एकाच प्रकारचे वीस व्हॉल्व्ह असतात. शहाणा प्रोग्रॅम व्हॉल्व्हचे वर्णन एकदाच लिहितो आणि पुढे म्हणतो, ‘तोच व्हॉल्व्ह इथे ठेवा, तोच तिथे ठेवा.’ आता यांतला एकच व्हॉल्व्ह तांबडा करायचा असेल, तर रंग मूळ व्हॉल्व्हला देऊन चालणार नाही. तसे केले तर वीसही तांबडे होतील. तो ‘तिथे ठेवलेल्या’ त्या एका नगाला द्यावा लागतो. काही प्रोग्रॅम मूळ भागाचा रंग वाचतात, पण एकट्या नगाचा वाचत नाहीत. शिवाय रंग कधी सबंध जोडणीला दिलेला असतो, कधी एका भागाला, तर कधी भागाच्या एकाच पृष्ठाला. ज्या पातळीवर चिठ्ठी लावली, त्याच पातळीवर वाचणारा शोधत नसेल, तर ती सापडत नाही.

पाचवी गोष्ट भौतिकशास्त्राची, म्हणून मला विशेष आवडणारी. कधी कधी रंग हरवत नाही, पण फिका पडतो. असे का व्हावे? पडद्यावरच्या रंगांचे आकडे ० ते २५५ असे देतात. मग १२८ हा आकडा म्हणजे निम्मा प्रकाश, असे तुम्ही म्हणाल. पण तसे नाही! संगणकांत रूढ असलेल्या पद्धतीत १२८ या आकड्याला पडद्यातून पूर्ण प्रकाशाच्या सुमारे २२ टक्केच प्रकाश बाहेर पडतो. आपल्या डोळ्यांना अंधारातले बारीक फरक जास्त कळतात, म्हणून आकड्यांची वाटणी मुद्दाम अशी असमान केलेली आहे. आता एका प्रोग्रॅमने १२८ भागिले २५५ म्हणजे ०.५० असे फाइलीत लिहिले, आणि दुसऱ्याने त्याचा अर्थ ‘खरोखरीच निम्मा प्रकाश’ असा घेतला, तर तो पडद्यावर १८८ हा आकडा पाठवतो. गडद हिरवा पोपटी होतो, तपकिरी मातकट होतो. लिहिणारा खोटे बोलला नाही, वाचणाराही चुकला नाही. एकाच आकड्याचे दोघांनी दोन अर्थ लावले, एवढेच.

नागापूरच्या फाइलीचे काय झाले?

आम्ही दोघांनी ती फाइल साध्या मजकुराच्या प्रोग्रॅममध्ये उघडली आणि रंगाची ओळ शोधली. एकही सापडली नाही! याचा अर्थ दोष आमच्या संगणकाचा नव्हता. चिठ्ठी पुण्यालाच राहिली होती. त्याने तिथे विनंती केली, की फाइल २१४ किंवा २४२ या विभागात पुन्हा लिहून पाठवा. दुसऱ्या दिवशी नवी फाइल आली. पाइप हिरवे, निळे, करडे असे नीट दिसू लागले. पण तीन व्हॉल्व्ह अजून रंगहीन होते. फाइलीत पाहिले, तर त्यांचे रंग एकेका नगाला दिलेले होते. तेव्हा त्या तीन व्हॉल्व्हचे वेगळे भाग करून त्यांना रंग दिले, आणि काम झाले.

यातून शिकायचे ते हे. आधी फाइल उघडून रंगाची ओळ आहे का ते पाहायचे. नसेल, तर लिहिणाऱ्याकडे जायचे. असेल, तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमचे पर्याय पाहायचे. रंग आला पण वेगळा आला, तर क्रमांकांची यादी तपासायची. फिका आला, तर आकड्यांचा अर्थ तपासायचा. वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसेच हे आहे.

स्वतः करून पाहा

तुमच्या शाळेत संगणक असेल, तर हा प्रयोग एका तासात होईल. ‘फ्रीकॅड’ हा कॅडचा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. शिक्षकांच्या परवानगीने तो संगणकावर घ्या.

१. त्यात दोन ठोकळे तयार करा. एकाला नारिंगी आणि दुसऱ्याला जांभळा रंग द्या. शुद्ध तांबडा किंवा शुद्ध हिरवा घेऊ नका, कारण अशा रंगांसाठी फाइलीत आकड्यांऐवजी नुसते रंगाचे नाव लिहिले जाते.

२. दोन्ही ठोकळे निवडून स्टेप फाइल म्हणून बाहेर पाठवा. त्या फाइलीची एक प्रत करून बाजूला ठेवा.

३. फाइल साध्या मजकुराच्या प्रोग्रॅममध्ये उघडा. ‘कलर’ हा इंग्रजी शब्द ब्रिटिश पद्धतीच्या स्पेलिंगने, म्हणजे ‘यू’ अक्षरासह शोधा. तीन आकड्यांच्या ओळी सापडतील. त्यांतला नारिंगी कोणता आणि जांभळा कोणता, हे आकड्यांवरून ओळखा.

४. नारिंगीच्या ओळीतला पहिला आकडा ०.१ करा, फाइल जतन करा, आणि पुन्हा फ्रीकॅडमध्ये उघडा. काय झाले?

५. आता तेच ठोकळे एसटीएल फाइल म्हणून बाहेर पाठवा आणि परत आत घ्या. रंग आहेत का?

चौथ्या पायरीत आकाराला धक्का न लागता रंग बदलेल. पाचवीत आकार येईल, पण रंग येणार नाही. आकार आणि रंग यांचे नाते किती सैल आहे, हे तुम्हांला डोळ्यांनी दिसेल.

जुनाच धडा

रंग वाटेत हरवण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. संगणक येण्यापूर्वी यंत्रांचे आराखडे हाताने काढत, आणि लोखंड, पितळ, लाकूड असे पदार्थ दाखवण्यासाठी त्यांत पातळ रंग भरत. १८४२ साली जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने निळ्या छपाईची रीत शोधली. पुढे तीच आराखड्यांच्या प्रती काढण्यासाठी वापरात आली. प्रती भराभर निघू लागल्या, पण निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा, एवढेच तिच्यात उमटे. सगळे रंग गेले! मग पदार्थ दाखवण्यासाठी तिरप्या रेघांचे निरनिराळे नमुने रुळले, आणि प्रत्येक भागाला क्रमांक देऊन त्याची यादी आराखड्याच्या कोपऱ्यात लिहिली जाऊ लागली. प्रत काढताना जे टिकत नाही, त्याच्यावर एकट्यावर विसंबायचे नाही, हे त्या लोकांनी ओळखले होते.

माझ्या विद्यार्थ्यानेही शेवटी तेच केले. आता त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मॉडेलात भागाचे नावच ‘पाणी-१’, ‘वाफे-२’ असे लिहिलेले असावे, असा त्याने नियम घातला आहे. रंग तर हवाच, कारण तो एका नजरेत कळतो. पण तांबडा आणि हिरवा यांतला फरक नीट न दिसणारी माणसेही असतात, आणि रंग टाकून देणाऱ्या फाइलीही असतात. नाव दोघांनाही पुरून उरते.

तो नियम सांगताना तो मला म्हणाला, “सर, आता चिठ्ठीही लावतो आणि नावही कोरतो.”

पुढच्या वेळी साखर कारखान्यात जाल, तेव्हा पाइपाचा रंग पाहा, आणि त्यावर नाव व प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण काढलेला आहे का, तेही पाहा. तिथे हे सारे कशासाठी लिहिले आहे, ते आता तुम्हांला कुणी सांगावे लागणार नाही.